एका कपाटातले दोन बेहजाद

मुकिमजान दोमलांनी आयुष्यात एकच नाटक लिहिले, आणि तेही त्याच्या शेवटच्या वाक्यासाठी. बाकीचे नाटक म्हणजे त्या वाक्यापर्यंत पोहोचण्याकरिता घातलेला रस्ता, असे ते स्वतःच सांगत. रस्ता लांब होता, त्यावर चढउतार होते आणि मधूनमधून पंपांविषयी माहिती होती. दोमला, म्हणजे गुरुजी, पाटबंधाऱ्यांच्या तंत्रविद्यालयात हयातभर पंप शिकवून निवृत्त झाले होते, आणि पंप न कळणारा माणूस भविष्यकाळाविषयी काही लिहू शकतो, यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता.

नाटक विज्ञानकथेचे होते. पुढच्या शतकातल्या आमच्या कोकंद शहरात चित्रे यंत्रेच काढतात. त्या चित्रांत सगळे काही असते, फक्त माणसे एकमेकांकडे बघत नाहीत. हा दोष दूर करण्यासाठी एक अभियंता कालपंप नावाचे यंत्र बनवतो आणि पाचशे वर्षांपूर्वीच्या हेरातमधून थोर चित्रकार बेहजाद यांना बोलावून आणतो. बेहजाद येतात, यंत्रे न्याहाळतात, अभियंत्याला चार गोष्टी समजावतात आणि परत जायला निघतात. कालपंपात पाऊल ठेवता ठेवता ते वळतात आणि म्हणतात, "हेरातला एका चित्रात एक जागा मी कोरी ठेवून आलो आहे. तिथे कोणाला बसवायचे, ते आता कळले." पडदा.

हे वाक्य दोमलांना एका सकाळी दाढी करताना सुचले होते आणि त्या भरात त्यांची अर्धी मिशी गेली होती. ते वाक्य भरल्या अंगणात, मोठ्याने, दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून ऐकावे, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात उरली होती. मुले मार्गी लागली होती, पेन्शन सुरू होती, छपराची गळती बंद झाली होती. राहिले होते ते हे वाक्य.

त्यामागचे शास्त्रही पक्के होते. काळ हा कालव्यातल्या पाण्यासारखा वरून खाली वाहतो. भूतकाळ वरच्या अंगाला, भविष्य खालच्या. तेव्हा बेहजादांचे येणे हे केवळ उताराचे काम; दार उघडले की झाले. खरे तंत्र लागते ते माणूस परत वर चढवायला. म्हणजे ज्या प्रवेशात ते वाक्य होते, त्याच प्रवेशात पंपही होता. तो प्रवेश गळला, तर उरते ते एका पाहुण्याचे येणे, आणि त्यासाठी कोणी विज्ञानकथा लिहीत नाही.

मोहल्ल्याच्या अध्यक्षा हुर्रियत आपा यांनी नवरोजच्या कार्यक्रमासाठी नाटक हातात घेतले तेव्हा त्यांच्या दोन्ही कानांना दोन फोन होते.

"दोमला, नाटक फार छान आहे," एका फोनवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "वाचलेलं नाही मी अजून. पण वजनदार लागतंय हाताला. खात्याकडे पाठवते."

खाते म्हणजे जिल्ह्याचे संस्कृती खाते. तिथून नाटक परत आले ते समासातल्या पेन्सिलीच्या शेऱ्यांसह. ऐतिहासिक व्यक्तीस कोणत्या वाहनाने आणले ते स्पष्ट होत नाही, असा पहिला शेरा होता. भविष्यातल्या कोकंदमध्ये झाडे दिसत नाहीत, ती लावावीत, असा दुसरा. आणि शेवटच्या पानावर, त्या वाक्याच्या अगदी शेजारी: "पाहुणे परत का जातात? आपल्या जिल्ह्यात काही उणे असल्याचा समज होऊ शकतो. ठेवून घेण्याचा विचार व्हावा."

दोमला इस्त्रीचा कोट घालून स्वतः खात्यात गेले. शेरे मारणारा अधिकारी त्यांच्या धाकट्या मुलाच्या वयाचा होता आणि अत्यंत नम्र होता. नम्र अधिकाऱ्याशी भांडणे किती अवघड असते, हे ज्यांना कधी काम पडले त्यांनाच कळेल.

"बेटा, त्यांना इथे ठेवून घेतलं तर त्यांची हेरातमधली पुढची चित्रं कोण काढणार? इतिहासाचं काय होईल?"

"ओताजान, इतिहास आमच्याकडे येत नाही," अधिकारी हळहळून म्हणाला. "ते खातं वेगळं आहे. चहा घेता?"

तीन पेले चहा झाल्यावर तडजोड झाली. बेहजाद परत जातील, परंतु समाधानाने जातील. दोमलांनी तिथल्या तिथे, अधिकाऱ्याच्याच पेनाने, शेवटच्या वाक्यापूर्वी कंसात "समाधानाने" असे लिहिले आणि वाक्य बचावले या समाधानात ते स्वतःही परतले.

आता यंत्र. कालपंपासाठी दोमलांनी घरातले लोखंडी कपाट निवडले. त्यात पाहुण्यांच्या रजया असत, आणि कोकंदमध्ये पाहुण्यांच्या रजया ज्या कपाटात असतात, ते नवऱ्याचे कधीच नसते. सलामत, म्हणजे दोमलांची बायको, कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"अहो, पाहुणा आला तर रजया कुठून काढू?"

"पाहुणा कपाटातूनच येणार आहे."

"त्या पाहुण्याला रजई लागणार नाही का?" सलामतने विचारले. या प्रश्नाचे उत्तर नाटकात नव्हते. शेवटी कपाट मिळाले, पण नवरोजच्या संध्याकाळी ते परत जागेवर हवे, या अटीवर. रजया जमिनीवर रचल्या गेल्या आणि दोमला त्यांना अडखळू लागले.

कपाटाला पुढचे नवे दार बसवायचे होते. ते काम होशिम वेल्डरकडे गेले. होशिमचा धंदा वेल्डिंगचा, पण त्याची कीर्ती चहाखान्यातली. अस्किया हा आमच्या फर्गाना खोऱ्यातला खेळ असा, की दोन माणसे समोरासमोर बसून एकमेकांची टर उडवतात, आणि ज्याचे उत्तर आधी संपेल तो हरतो. होशिमचे उत्तर कधी संपल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. दोमलांनी त्याला तिन्ही बाजूंनी काढलेला, मापे घातलेला नकाशा दिला. दार बाहेरच्या बाजूला उघडेल, हे त्यात लाल शाईने दाखवले होते. कपाट आले तेव्हा दार आत उघडत होते.

"होशिम, नकाशा बघितलास का?"

"बघितला म्हणजे काय, दोमला! इतका सुंदर आहे की बैठकीत फ्रेम करून लावलाय. सोयरे आले की आधी तोच बघतात."

"मग दार आत का उघडतं?"

"बाहेर उघडलं असतं तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या कपाळावर बसलं असतं. माणसाचा विचार करावा लागतो, दोमला. तुम्ही नुसता पाण्याचा करता."

दोमलांनी शांतपणे मान हलवली. तंत्रविद्यालयात असे उत्तर देणाऱ्याला त्यांनी वर्षभर पुन्हा त्याच वर्गात बसवले असते. पण चहाखान्यात वर्ग एकच, आणि त्यात होशिम पहिला होता.

तोपर्यंत मोहल्ल्याला नाटकाचा सुगावा लागला होता आणि सल्ले येऊ लागले होते. बेहजादांचा झगा मार्गिलानच्या रेशमाचा हवा. नको, सुती हवा, कलावंत साधे असतात. फेटा पांढरा. फेटा निळा. ज्याच्या त्याच्या सल्ल्याच्या शेवटी मात्र एकच प्रश्न असे: त्यांना जेवायला काय? मोहल्ल्यातले सर्वांत वयोवृद्ध गृहस्थ तोजीबाय ओता यांनी तर दोमलांना रस्त्यात थांबवून काठी जमिनीवर आपटली.

"मुकिम, माणूस हेरातहून येतोय. पाचशे वर्षं रस्त्यावर आहे. आणि मी ऐकतो की तू त्याला नुसता चहा देतोस?"

"ओता, ते येतात तेव्हा नाटकाची वीस मिनिटं झालेली असतात आणि..."

"नुसता चहा," तोजीबाय ओता दुःखाने म्हणाले आणि निघून गेले.

बेहजादांच्या भूमिकेसाठी दोमलांनी अब्दुलहाय आकांना विचारले. अब्दुलहाय आका बाहुल्यांच्या नाट्यगृहातून निवृत्त झाले होते. त्यांचा आवाज शहरातली प्रत्येक आई ओळखत होती; चेहरा कोणी पाहिलेला नव्हता, कारण तो कायम पडद्यामागे असे. त्यांनी संहिता घेतली, त्या दिवसापासून दाढी वाढवली आणि शेवटचे वाक्य असे म्हणून दाखवले की दोमलांना चष्मा काढून पुसावा लागला. दोघांनी तळवे वर धरले, दुआ केली आणि ते चेहऱ्यावरून फिरवले. झाले, ठरले. आमच्याकडे करार मोडतात, साखरपुडेही क्वचित मोडतात. पण तळवे चेहऱ्यावरून खाली आले की त्या गोष्टीला हात लावायचा नसतो.

गोंधळ इथून सुरू झाला. दोमलांना वाटत होते की तो इथे संपला.

त्याच आठवड्यात मोहल्ल्यात एक लग्न होते. लग्नाचा पुलाव आमच्याकडे भल्या सकाळी होतो. शंभराच्या वर पुरुष लांबलचक पंगतीला बसले होते. पंगतीच्या वरच्या टोकाला हुर्रियत आपा उभ्या राहून काही बोलल्या. सर्वांनी तळवे वर धरले. तोजीबाय ओतांनी दुआ म्हटली. सर्वांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. दोमला खालच्या टोकाला बसले होते. त्यांना यातले अक्षर ऐकू आले नाही. पण इतके लोक दुआ करत असताना कोणी हात मांडीवर ठेवून बसतो का? त्यांनीही तळवे वर धरले, भक्तिभावाने फिरवले आणि पुलावाकडे वळले.

नवरोजला तीन दिवस उरले असताना सगळे पहिल्या तालमीसाठी चहाखान्यात जमले, आणि होशिम आला तो दाढी लावून.

"ही दाढी कशाला?" दोमलांनी विचारले.

"बेहजादांना दाढी नको?"

"बेहजाद अब्दुलहाय आका आहेत!"

चहाखान्यातल्या सगळ्या माना होशिमच्या दाढीकडे वळल्या.

"दोमला," हुर्रियत आपा दोन्ही फोन खाली ठेवून म्हणाल्या, आणि त्या दोन्ही फोन खाली ठेवतात तेव्हा माणसाने बसून घ्यावे, "लग्नाच्या पुलावाला मी जाहीर केलं ना, की होशिम बेहजाद होईल? आख्ख्या मोहल्ल्यानं दुआ केली. तुम्हीसुद्धा केलीत. मी बघितलं. डोळे मिटून करत होतात."

"पण कशासाठी करतोय ते मला ऐकू आलं नाही!"

"देवाला ऐकू आलं," तोजीबाय ओता म्हणाले.

दोमलांनी अब्दुलहाय आकांकडे पाहिले. अब्दुलहाय आकांनी आपल्या खऱ्या दाढीवरून हात फिरवला. त्याचा अर्थ स्पष्ट होता. होशिमनेही आपल्या खोट्या दाढीवरून हात फिरवला, आणि ती थोडी सुटली.

"दोघांवर दुआ झाली आहे," तोजीबाय ओतांनी निकाल दिला. "दोघेही येतील."

"ओता, माणूस एकच होता! हेरातला एकच बेहजाद होऊन गेले!"

"तू माणसाला पाचशे वर्षं ओढून आणतोस. आणखी एक माणूस आणताना तुझा हात दुखतो का? काढ काहीतरी त्या पंपातून."

दोन दिवस दोमला खोलीबाहेर आले नाहीत. रागाच्या भरात त्यांनी नाटक मागे घेण्याचे पत्र मनातल्या मनात तीनदा लिहिले. मग त्यांना ते वाक्य आठवले. मग ते पंपाकडे वळले. आणि चमत्कार असा, की शास्त्र मदतीला आले. प्रवाह उतारावरून फार वेगाने सोडला की तो फुटतो. एका पाटाचे दोन पाट होतात. त्याच न्यायाने बेहजादही फुटले. एक मूळ प्रवाह, एक उपप्रवाह. मूळ प्रवाह अब्दुलहाय आका. सगळी वाक्ये त्यांची, शेवटचे तर त्यांचेच. उपप्रवाह होशिम, त्याने शेजारी उभे राहायचे, बोलायचे नाही.

"एक अक्षरही नाही?" होशिमने विचारले.

"उपप्रवाहाला आवाज नसतो."

"भिंतीसारखा उभा राहीन, दोमला. शब्द देतो." आणि पुन्हा तळवे वर गेले. यावेळी दोमलांनी शब्द नीट ऐकून मगच हात वर केले.

नवरोजची दुपार. चहाखान्याच्या अंगणात माणूस मावत नव्हता. उजवीकडे बायका गव्हाच्या मोडांची सुमालक ढवळत होत्या. सलामत तिथे होती. डावीकडे पुलावाची कढई चुलीवर झाकलेली होती. मधोमध कपाट. खात्यातला नम्र अधिकारी पहिल्या रांगेत तोजीबाय ओतांच्या शेजारी बसला होता. अभियंत्याची भूमिका दोमला स्वतः करत होते. त्यांनी काळाच्या उतारावरचे आपले भाषण सुरू केले, आणि खरे सांगायचे तर त्या भाषणाकडे लोकांनी अपेक्षेपेक्षा जास्त लक्ष दिले, कारण पुलाव व्हायला अजून वेळ होता.

"आता मी झडप उघडतो!" दोमला म्हणाले आणि त्यांनी दांडी ओढली. धूर निघाला. दार उघडले नाही.

आत दोन बेहजाद होते. दोघेही कोकंदच्या पुलावावर वाढलेले. दार आत उघडणारे. पहिला बेहजाद मागे सरकल्याशिवाय दार उघडेना, आणि दुसरा बेहजाद आत असेपर्यंत पहिल्याला मागे सरकता येईना.

"ढकला!" मागून कोणी ओरडले. "ओढा!" दुसरे कोणी. "तेल घाला!"

"आता मी झडप पुन्हा उघडतो," दोमला म्हणाले. हे वाक्य संहितेत नव्हते.

कपाटातून होशिमचा आवाज आला, "अरे बाबांनो, हेरातहून कोकंदपर्यंत आलो, आणि कोकंदवाले दार उघडेनात!"

अंगण हसून लोटपोट झाले. दोन तरण्या पुरुषांनी कपाट आडवे केले, बिजागरी उखडली, आणि दोन्ही बेहजाद एकमेकांच्या झग्यात पाय अडकून बाहेर घरंगळले.

अब्दुलहाय आका उभे राहिले. समोर शेकडो चेहरे होते. साऱ्या आयुष्यात त्यांना प्रेक्षकांचा चेहरा दिसला नव्हता, फक्त हसू ऐकू आले होते. अत्यंत शांतपणे वळून ते आडव्या कपाटामागे जाऊन बसले. तिथून त्यांचा आवाज खणखणीत आला, "हे कोणते शहर? ही कोणती यंत्रे?" फक्त तो आवाज बाहुलीचा होता.

दोमलांनी घाम पुसला. चला, वाक्ये तरी येत होती.

होशिम भिंतीसारखा उभा होता. शब्दाला जागला होता, हे नंतर सर्वांनी मान्य केले. पण तेवढ्यात गर्दीतून एक आवाज आला, "त्या दुसऱ्या बेहजादांची जीभ हेरातलाच राहिली वाटतं!"

आमच्या गावात कोणी टर उडवली आणि समोरच्याने उत्तर दिले नाही, तर लोक त्याला डॉक्टरकडे नेतात. होशिमने क्षणभर दोमलांकडे पाहिले. त्या नजरेत माफी होती, पण माघार नव्हती.

"जीभ आणलीय," तो म्हणाला, "पण मी कलावंत आहे, हातानं बोलतो. मी भिंतीवर घोडा काढायचो, तो उतरून पाणी प्यायला जायचा!"

आणि कपाटामागून, बाहुलीच्या आवाजात, अब्दुलहाय आका म्हणाले, "जायचाच. तू त्याला तीनच पाय काढायचास. तो चौथा शोधायला जायचा."

अंगणात जे झाले त्याला स्फोट म्हणावे लागेल. लोक जागेवरून उठून जवळ सरकले. अर्धे या बेहजादांचे झाले, अर्धे त्या.

"माझा कुंचला खारीच्या शेपटीचा होता!" होशिम.

"म्हणूनच तुला बघितलं की खारी झाडावर चढतात."

"तू आहेस तरी कोण, कपाटामागून बोलणारा? खरा असशील तर तोंड दाखव!"

"खऱ्याला तोंड दाखवावं लागत नाही. आणि आलो असतो रे बाहेर, पण इथलं दार तू वेल्डिंग केलंयस."

होशिमचे उत्तर तिथे थांबले. होशिमचे उत्तर थांबले! म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या मांडीवर थापा मारल्या. नम्र अधिकाऱ्याने डोळे पुसले. आणि दोमला, हातात संहिता घेऊन, दोन बेहजादांच्या मध्ये उभे होते, आणि त्यांना पहिल्यांदाच असे वाटले की यातला मूळ प्रवाह कोणता, ते त्यांना स्वतःलाही नक्की सांगता येणार नाही. पण वेळ होती. अजून ते वाक्य होते. त्यांनी सारे बळ एकवटले.

"आदरणीय बेहजाद!" ते ओरडले. "दोघेही! पंप तयार आहे. परतीची वेळ झाली!"

नेमक्या त्याच क्षणी पुलावाची कढई उघडली गेली.

जिरे, गाजर आणि मटणाचा वास अंगणावर पसरला आणि तोजीबाय ओता काठी टेकून उभे राहिले.

"कुठे निघाले?"

"हेरातला, ओता. नाटकात असं आहे की..."

"कढईचं झाकण उघडल्यावर? उपाशी?"

"ओता, हे नाटक आहे!"

"नाटक असेल. पुलाव खरा आहे."

त्यांनी एका हाताने होशिमला धरले, दुसऱ्या हाताने कपाटामागून अब्दुलहाय आकांना बाहेर काढले आणि दोघांना अंगणाच्या वरच्या टोकाला, दारापासून सर्वांत लांब, मानाच्या जागी बसवले. तिथे बसलेल्या माणसाला उठायला आजूबाजूचे पाचदहा लोक आधी उठावे लागतात.

"एकच वाक्य राहिलंय!" दोमला त्यांच्या मागे धावले. "फक्त एक!"

"जेवून म्हणतील," तोजीबाय ओतांनी अब्दुलहाय आकांच्या तोंडात स्वतःच्या हाताने पुलावाचा घास भरला. मानाच्या पाहुण्याला असा घास नाकारता येत नाही. तो गिळेपर्यंत दुसरा तयार होता. अब्दुलहाय आकांनी भरल्या तोंडाने दोमलांकडे पाहून भुवया उंचावल्या. त्यांची इच्छा होती, यात शंका नाही. पुलाव संपला, दुआ झाली, ते घसा साफ करून उभे राहिले, "हेरातला एका..." एवढे म्हणाले, आणि कर्णेवाल्यांनी आपले माणसाएवढे लांब कर्णे आकाशाकडे करून फुंकले. नाच सुरू झाला. तो दिवे लागेपर्यंत थांबला नाही.

खात्यातला अधिकारी निघताना दोमलांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "ओताजान, तुम्ही आमची सूचना मान्य केलीत. पाहुण्यांना ठेवून घेतलंत. फार योग्य झालं."

घरी जाताना वाटेत लोक त्यांना थांबवत होते. "दोमला, कपाटामागचे खरे ना?" "दोमला, पैज लागलीय, समोर उभे होते ते खरे की नाही?" एक जण तर गंभीर चेहऱ्याने म्हणाला की दोघेही खोटे होते आणि खरे बेहजाद बिजागरी तुटल्यामुळे वाटेतच अडकले. दोमला त्याला "हे शक्य आहे" म्हणून गेले, आणि म्हणाल्यावर त्यांना वाटू लागले, की शास्त्रदृष्ट्या हे खरोखरच शक्य आहे.

हातगाडीवरून कपाट आधीच घरी पोहोचले होते. दार नसलेल्या त्या कपाटात सलामत रजया परत रचत होती. तिने चहा केला होता. दोमला गादीवर बसले.

"मी सुमालकजवळ होते," सलामत म्हणाली. "नुसतं हसणं ऐकू येत होतं. छान झालं म्हणतात."

"शेवटचं वाक्य झालंच नाही."

"काय होतं ते?"

दोमलांनी तिच्याकडे पाहिले. तिला त्यांनी ते कधीच म्हणून दाखवले नव्हते. सगळ्यांबरोबर ऐकेल, असे ठरवले होते. ते उठले, कोट नीट केला, कपाटाशी जाऊन वळले आणि म्हणाले, "हेरातला एका चित्रात एक जागा मी कोरी ठेवून आलो आहे. तिथे कोणाला बसवायचे, ते आता कळले." तेही समाधानाने.

सलामत हातात रजई धरून थांबली.

"कोणाला?"

"म्हणजे?"

"कोणाला बसवायचं त्या जागेत?"

कालपंपाविषयी कोणी काहीही विचारले असते तरी दोमलांकडे उत्तर होते. दाब किती, गळती किती, उतार किती. त्या जागेत कोण बसणार, हे मात्र त्यांनी ठरवलेच नव्हते. ते त्यांच्या आत्ता लक्षात आले, आणि ते भांबावून गेले.

"ते... मोकळं ठेवलं आहे. प्रेक्षकांनी ठरवायचं."

"प्रेक्षक जेवत होते. मी तुम्हाला विचारतेय."

"बहुतेक," दोमला विचार करत म्हणाले, "त्या भविष्यातल्या अभियंत्याला."

"म्हणजे तुम्हालाच."

सलामतने रजई खाली ठेवली, किटली उचलली आणि त्यांचा पेला काठोकाठ भरून समोर ठेवला. आमच्याकडे ज्याने बसावे असे वाटते त्याला पेला अर्धाच देतात, म्हणजे पुन्हा भरता येतो. काठोकाठ भरलेला पेला देतात तो, ज्याने आता उठावे असे वाटते त्याला. दोमला जन्मापासून कोकंदचे होते. ते काही समजावून सांगावे लागत नव्हते.

पेला उचलला असता तर सांडला असता. त्यांनी वाकून, हात न लावता, त्याच्या काठावरून एक घोट घेतला. चहा कढत होता. जीभ भाजली. ते सरळ झाले आणि रजयांच्या ढिगाकडे बघू लागले.

"त्या जागेचं माप लहान आहे," ते म्हणाले. "एकच माणूस मावेल."

"बरं."

"तो माणूस रजयांच्या घड्या घालत असावा, असं आता वाटतंय."

सलामतने त्यांचा पेला उचलला, अर्धा चहा किटलीत परत ओतला आणि उरलेला त्यांच्यापुढे सरकवला.